एकच पॉइंट कमी पडला!

पॅरिसकडे मेस्सी, नेमार आणि एम्बापे. लाँसकडे बंद पडलेल्या खाणी आणि खच्चून भरलेलं स्टेडियम. २०२२-२३च्या फ्रेंच लीगमध्ये या दोघांत शेवटी फरक राहिला तो फक्त एका पॉइंटचा.

३ जून २०२३ची रात्र. फ्रान्सच्या लीग वनचा शेवटचा दिवस. पॅरिसच्या पार्क दे प्रॅन्स स्टेडियमवर पीएसजी ही चॅम्पियन टीम खेळत होती. मेस्सीची या क्लबसाठी ती शेवटची मॅच होती. समोर क्लेरमाँसारखा छोटा क्लब. पीएसजीने २-० अशी आघाडी घेतली आणि चक्क ३-२ने मॅच घालवली. मेस्सीचं नाव पुकारलं तेव्हा त्याच्याच स्टेडियममधून हुर्यो आणि शिट्ट्या ऐकू आल्या.

त्याच रात्री, त्याच वेळी ऑक्झेर या गावात लाल-पिवळ्या जर्सीतली एक टीम ३-१ने जिंकली. ती चॅम्पियन होणार नव्हती. आठवडाभर आधीच ते गणित संपलं होतं. पॉइंट टेबल असं होतं : पीएसजी ८५, लाँस ८४. तरी त्यांचे फॅन नाचत होते. घरी चॅम्पियनला शिट्ट्या आणि इकडे दुसऱ्या नंबरवाल्यांची जत्रा, हे असं का झालं ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

आधी नावाचा घोळ मिटवू. इंग्रजी स्पेलिंग बघून आपण ‘लेन्स’ वाचतो. चष्म्यातली नव्हे. फ्रेंच लोक म्हणतात ‘लाँस’. फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेपासून फार लांब नसलेलं हे गाव. लोकसंख्या साधारण ३२ हजार. आणि तिथलं बोलार्ट-देलेली हे स्टेडियम ३८ हजारांचं! म्हणजे सगळं गाव, अगदी तान्ह्या बाळांसकट, स्टेडियममध्ये आणून बसवलं तरी खुर्च्या उरतील. तरी त्या सीझनमध्ये तिथे तिकीट मिळायची मारामार होती. आजूबाजूच्या गावांतून, जुन्या खाणकामगारांच्या वस्त्यांमधून माणसं लोटतात.

कारण हा सगळा कोळशाच्या खाणींचा पट्टा. इथे पिढ्यानपिढ्या बाप खाणीत उतरला की मुलगाही उतरायचा. १० मार्च १९०६ रोजी लाँसजवळच्या कुरिएर खाणीत स्फोट झाला आणि १,०९९ जण गेले. युरोपातली ती सगळ्यात भयानक खाण दुर्घटना. त्याच वर्षी हा फुटबॉल क्लब सुरू झाला. पुढे खाण कंपनीनेच क्लब हातात घेतला. स्टेडियमला नाव मिळालं ते कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याचं, फेलिक्स बोलार्ट यांचं. पहिल्या महायुद्धानंतर खाणीत काम करायला पोलंडमधून हजारो कुटुंबं इथे आली आणि त्यांची मुलं फुटबॉल खेळायला लागली. फ्रान्सचा दिग्गज रेमाँ कोपा याच पट्ट्यातला, पोलिश खाणकामगाराचा मुलगा. लाँसकडून तो खेळला नाही, पण पोरवयात खाणीत काम करताना त्याने हाताचं बोट गमावलं होतं. फुटबॉल ही इथे खाणीतून वर यायची एक वाट होती.

डिसेंबर १९९०मध्ये या भागातली शेवटची खाण बंद झाली. राहिले ते दगड-मातीचे काळे डोंगर, विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगा आणि बेकारी. लूव्र म्युझियमची एक शाखा २०१२ साली इथे आली, तीही एका जुन्या खाणीच्या जागेवर. चांगलीच गोष्ट. पण शनिवारी संध्याकाळी गाव जातं कुठे, तर बोलार्टला. क्लबच्या लोगोत आजही खाणकामगाराचा दिवा आहे. आणि दुसरा हाफ सुरू होताना अख्खं स्टेडियम एक गाणं म्हणतं : पियर बाशले या गायकाचं ‘ले कोराँ’. १९८२चं गाणं. कोराँ म्हणजे खाणकामगारांची चाळवजा घरं. एरवी फुटबॉलची गाणी म्हणजे समोरच्याला डिवचणं. हे गाणं आपल्या आई-बापाबद्दलचं, कोळशाबद्दलचं आहे. यूट्यूबवर शोधा. फ्रेंचचा एक शब्द कळला नाही तरी अंगावर काटा येतो.

दिवाळखोरीच्या दारातून

हा क्लब काही कायम वरच्या फळीत नव्हता. १९९८ साली लाँस एकदाच चॅम्पियन झालं. तेही मेट्झ क्लबशी पॉइंट सारखे झाल्यावर, गोलफरकावर. २००२ला पुन्हा संधी आली होती. शेवटच्या दिवशी लिआँमध्ये जाऊन हरले आणि लीग लिआँने नेली. मग घसरण. अझरबैजानच्या एका उद्योगपतीने क्लब घेतला, पैसे यायचे थांबले. २०१४-१५च्या सीझनमध्ये तर स्टेडियमची डागडुजी चालू असल्यामुळे घरच्या मॅच दुसऱ्या गावात खेळाव्या लागल्या. टेबलमध्ये तळाला राहून टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेली आणि पाच वर्षं तिथेच अडकली.

फेब्रुवारी २०२०मध्ये क्लबने हेड कोच काढला आणि आपल्याच राखीव टीमच्या कोचला वर बसवलं. फ्रँक हेझ. खेळाडू म्हणून हा माणूस कधी स्टार नव्हता, करिअर खालच्या डिव्हिजनमध्ये गेलं. काही आठवड्यांत कोव्हिड आला, लीग मध्येच थांबली. त्या वेळी दुसऱ्या नंबरवर असल्यामुळे लाँसला बढती मिळाली. वर आल्यावर पहिल्या सीझनमध्ये सातवा नंबर. पुढच्या सीझनमध्ये पुन्हा सातवा. नवख्यांसाठी हे मस्तच होतं. पण २०२२च्या उन्हाळ्यात योनाताँ क्लोस मार्सेला गेला, शेक दुकुरे इंग्लंडला. दोघेही टीमचे कणे. आता हे खाली येणार, असं वाटायला जागा होती.

त्यांच्या जागी आणलेली माणसं बघा. गोलकीपर ब्रीस सांबा इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टमधून. मिडफिल्डर सालीस अब्दुल समेद फ्रान्समधल्याच क्लेरमाँकडून. पुढे गोल मारायला लोईस ओपेंडा, बेल्जियमच्या ब्रूज क्लबचा २२ वर्षांचा पोरगा, ज्याचं नाव तेव्हा फारसं कुणाला माहीत नव्हतं. आधीपासून असलेल्यांमध्ये उजव्या बाजूला पळणारा प्शेमिस्वाव फ्रँकोव्स्की. तो अमेरिकेतल्या शिकागोच्या क्लबमधून आलेला आणि, योगायोग बघा, पोलिश. फॉरवर्ड फ्लोरियाँ सोतोका खालच्या डिव्हिजनमध्ये वर्षानुवर्षं घासलेला. पहिल्या डिव्हिजनची पहिली मॅच खेळला तेव्हा त्याचं वय २९ होतं! आणि कॅप्टन सेको फोफाना. आयव्हरी कोस्टकडून खेळणारा, छाती पुढे काढून चेंडू घेऊन धावणारा मिडफिल्डर. मोठ्या क्लबांची नजर असताना त्याने लाँसचाच करार वाढवून घेतला. गावाने त्याला डोक्यावर घेतलं ते तेव्हाच.

आता समोरची पार्टी. पीएसजी २०११पासून कतारच्या पैशावर चालणारा क्लब. एकट्या नेमारसाठी २०१७मध्ये त्यांनी २२ कोटी २० लाख युरो मोजले होते. लाँसची अख्खी टीम विकत घेऊन वर सुट्टे पैसे उरले असते.

पाहुण्यांना दम घ्यायला नाही

पहिल्याच मॅचमध्ये ब्रेस्टविरुद्ध सोतोकाने हॅट्‌ट्रिक केली. दोन आठवड्यांनी मोनॅकोमध्ये जाऊन ४-१. मार्सेमध्ये जाऊन १-०. वर्ल्ड कपच्या सुट्टीसाठी लीग थांबली तेव्हा लाँस दुसऱ्या नंबरवर, पीएसजीच्या पाच पॉइंट मागे. तोपर्यंत एकच मॅच हरले होते, शेजारच्या लिलविरुद्धची डर्बी.

खेळायची पद्धत ऐकायला सोपी आहे. मागे तीन डिफेंडर : केव्हिन दान्सो, फाकुंदो मेदिना, योनाताँ ग्रादी. दोन्ही कडांना पळणारे दोघं. आणि चेंडू गेला की मागे पळायचं नाही, पुढे जाऊन तिथल्या तिथे हिसकावायचा. हे सगळे दहा जण एकाच वेळी करतात तेव्हाच चालतं. एक जण जरी आळसावला तर मागे मोकळं मैदान पडतं. बोलार्टमध्ये कुणाची आळसावण्याची हिंमत नसावी. घरच्या १९ मॅचमध्ये १७ विजय, एक बरोबरी, एक हार. सगळ्या सीझनमध्ये फक्त २९ गोल खाल्ले, लीगमध्ये सगळ्यात कमी. पीएसजीने खाल्ले ४०.

त्या १७ विजयांतला एक कायम लक्षात राहील. १ जानेवारी २०२३. भारतात २ तारीख उजाडून रात्रीचा सव्वा वाजला होता. पीएसजी त्या सीझनमध्ये तोपर्यंत एकही मॅच हरलं नव्हतं. मेस्सी वर्ल्ड कप जिंकून अजून सुट्टीवर होता, नेमार सस्पेंड होता. पण एम्बापे होता. पाचव्या मिनिटाला फ्रँकोव्स्कीचा गोल. तीनच मिनिटांत पीएसजीची बरोबरी. अशा वेळी छोट्या टीमचं पाणी पाणी होतं. लाँस उलट अजून पुढे चढले. २८व्या मिनिटाला ओपेंडा अख्ख्या डिफेन्सला मागे टाकून निघून गेला. हाफटाइमनंतर लगेच अलेक्सी क्लोद-मोरिसने तिसरा टाकला. ३-१. अंतर चार पॉइंटवर आलं.

मेस्सी आणि नेमार नव्हते, हे पीएसजीचे फॅन आजही सांगतात. खरंच आहे ते. पण उरलेल्या अकरांची किंमतसुद्धा लाँसच्या टीमला झेपली नसती.

पॉइंट गेला कुठे?

इथे खरी गंमत आहे. ‘एका पॉइंटने लीग गेली’ म्हटलं की सगळ्यांना १५ एप्रिलची पॅरिसमधली मॅच आठवते. त्या दिवशी अंतर सहा पॉइंटचं होतं. लाँस जिंकले असते तर तीनचं झालं असतं. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं तेच वरचढ होते. आणि १९व्या मिनिटाला अब्दुल समेदने हकिमीच्या पायावर टॅकल टाकला. थेट रेड कार्ड. दहा जण उरले. ३१व्या मिनिटाला एम्बापे, ३७व्याला व्हितिन्हा, ४०व्याला मेस्सी. नऊ मिनिटांत विषय संपला. पुढे फ्रँकोव्स्कीने पेनल्टीवर एक परत केला, ३-१. अंतर नऊ पॉइंट.

रेड कार्ड कडक होतं की बरोबर, यावर कट्ट्यावर तासभर वाद घालता येईल. पण माझ्या मते लीग तिथे गेली नाही. ती गेली जानेवारी-फेब्रुवारीत.

पीएसजीला हरवल्यानंतरच्या नऊ मॅच काढून बघा. स्ट्रासबूर २-२. ऑक्झेरला १-० हरवलं. त्र्वा १-१. नीसकडून घरी ०-१ हार, घरची एकुलती एक. ब्रेस्ट १-१. लिआँमध्ये १-२ हार. नाँतला ३-१ हरवलं. माँपेलिए १-१. लिलशी घरी १-१. नऊ मॅच, २७ पॉइंट मिळवण्यासारखे, मिळाले ११. आणि याच काळात पीएसजीसुद्धा धडपडत होतं. रेनकडून हरलं, रेंसशी बरोबरी, मोनॅकोकडून हार. दार उघडं होतं आणि लाँस उंबरठ्यावर अडखळत राहिलं.

यात सगळ्यात टोचणारी मॅच त्र्वाची. त्र्वा त्या सीझनच्या शेवटी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेली. ऑगस्टमध्ये आजाक्सिओत जाऊन लाँसने ०-० केलं होतं, ती टीमही खाली गेली. या दोनपैकी एक, फक्त एक मॅच जिंकली असती तर दोन पॉइंट वाढले असते. ८६ विरुद्ध ८५. ऑगस्टमधल्या आजाक्सिओच्या त्या कंटाळवाण्या संध्याकाळी ही लीग ठरतेय असं कुणाच्या स्वप्नात तरी आलं असेल का?

असं का झालं? माझा अंदाज साधा आहे. ही टीम पळण्यावर उभी होती आणि पळायला ठरावीक १३-१४ माणसंच होती. पीएसजीचा दिवस वाईट गेला तरी एम्बापे एका क्षणात मॅच काढून द्यायचा. लाँसला तसा शॉर्टकट नव्हता. शिवाय परक्या मैदानात छोट्या टीम मागे बसून राहायच्या, जागाच द्यायच्या नाहीत. हिसकावायला चेंडूच नाही तर हिसकावणाऱ्यांनी करायचं काय? घरी ५२ पॉइंट, बाहेर ३२. सीझनची सगळी कथा या दोन आकड्यांत आहे.

मार्चमध्ये गाडी पुन्हा रुळावर आली. क्लेरमाँमध्ये ओपेंडाने पाच मिनिटांच्या आत हॅट्‌ट्रिक मारली. चहा उकळायला ठेवून किचनमधून परत येईपर्यंत तीन गोल! लागोपाठ चार विजय मिळाले आणि तिथूनच ती पॅरिसची १५ एप्रिलची मॅच आली.

पुढच्या सात

मला या सीझनमधला सगळ्यात भारी भाग त्यानंतरचा वाटतो. नऊ पॉइंट मागे, सात मॅच बाकी, लीग गेल्यात जमा. मार्से मागून पाठलाग करतंय आणि चॅम्पियन्स लीगचं थेट तिकीट पहिल्या दोघांनाच. अशा वेळी टीम ढेपाळतात. लाँसने काय केलं? मोनॅको ३-०. तुलूझमध्ये १-०. मार्से २-१, कॅप्टन फोफाना आणि ओपेंडाचे गोल. रेंस २-१. लोरियाँमध्ये ३-१. आजाक्सिओ ३-०. ऑक्झेर ३-१. सातपैकी सात. याच सात मॅचमध्ये पीएसजीने १३ पॉइंट मिळवले, लाँसने २१.

२७ मेच्या रात्री पीएसजीने स्ट्रासबूरमध्ये १-१ करून लीग घेतली. त्याच रात्री आजाक्सिओला हरवून लाँसने दुसरा नंबर पक्का केला. २१ वर्षांनी चॅम्पियन्स लीग! लीग हुकली त्याच रात्री बोलार्टमध्ये सेलिब्रेशन झालं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असलेल्या क्लबचे फॅन आणखी काय करणार?

आणि मग ते शेवटचं ऑक्झेर. याच मैदानावर मे १९९८मध्ये लाँसने १-१ बरोबरी करून आपली एकमेव लीग जिंकली होती. पंचवीस वर्षांनी त्याच गवतावर ३-१ जिंकून ८४ पॉइंट झाले. त्या पराभवाने ऑक्झेर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ढकललं गेलं. यजमानांची पोरं स्टँडमध्ये रडत होती आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर लाल-पिवळे झेंडे नाचत होते. फुटबॉलला दयामाया नाही.

ओपेंडाचे लीगमध्ये २१ गोल झाले. हेझ सीझनचा सर्वोत्तम कोच ठरला, सांबा सर्वोत्तम गोलकीपर. सांबाला फ्रान्सच्या राष्ट्रीय टीमचं बोलावणं आलं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. छोट्या क्लबने मोठं काम केलं की त्याचं बिल उन्हाळ्यात येतं. ओपेंडा जर्मनीत लाइपझिगला गेला. फोफाना सौदीला, अल नस्रमध्ये, रोनाल्डोच्या टीममध्ये. त्याच्यावर रागावलेले फॅन होते, समजून घेणारेही होते. मी दुसऱ्या गटात. तिशीकडे झुकलेला खेळाडू, ज्याने आधी एकदा मोठी संधी सोडली होती, त्याने दुसरीही सोडावी असं सांगायला आपल्याला काय जातं?

ते दोघं नसलेल्या टीमची नवी सुरुवात कशी झाली? ब्रेस्टमध्ये हार. पहिल्या पाच मॅचमध्ये फक्त एक पॉइंट, टेबलच्या तळाला. पेपरवाल्यांनी मृत्युलेख लिहायला घेतले होते. आणि ३ ऑक्टोबर २०२३ला चॅम्पियन्स लीगसाठी आर्सनल बोलार्टवर आलं. आर्सनलने आधी गोल केला. आद्रियाँ तोमासाँने बरोबरी साधली. दुसऱ्या हाफआधी ‘ले कोराँ’ झालं, नेहमीसारखं. ६९व्या मिनिटाला एली वाही, ओपेंडाच्या जागी आणलेला नवा पोरगा, त्याने चेंडू जाळीत मारला. २-१. नोव्हेंबरमध्ये लंडनला परतीच्या मॅचला गेले तेव्हा आर्सनलने ६-० धुतलं, तेही सांगायला हवं. सीझनअखेर लीगमध्ये पुन्हा तोच सातवा नंबर आला आणि २०२४च्या उन्हाळ्यात हेझ नीसला गेला. त्याच नीसला, ज्याने त्या फेब्रुवारीत बोलार्टमध्ये येऊन एकुलती एक मॅच काढली होती.